टर्कीचें रान आणि बेताच्या किंमतीची बंदूक

अमेरिकेस जाऊन आलेली आपलीकडील मंडळी बहुधा नायगाराचा धबधबा, न्यूयॉर्कचे गगनचुंबी वाडे आणि वॉशिंग्टनचीं राजमंदिरें यांचीं वर्णनें लिहितात. त्यांत नवें सांगण्याजोगें आतां फारसें उरलेलें नाहीं. आमचा योग मात्र निराळा होता. आमचे जावई डॉक्टर असून मिसूरी संस्थानाच्या दक्षिणभागीं वेस्ट प्लेन्स म्हणून सुमारें बारा हजार वस्तीचें एक गांव आहे, तेथें ते नोकरीस आहेत. त्यामुळें मार्चपासून मे अखेरपर्यंत आमचा उभयतांचा मुक्काम ओझार्क नांवाच्या डोंगराळ मुलुखांत घडला. या मुलुखांत प्रवाशास दाखवावा असा राजवाडा नाहीं, कीं पुरातन देवालय नाहीं. परंतु चैत्रमासांतील तेथील रान ज्यानें पाहिलें, त्यास या उणीवेची आठवणही होणार नाहीं.

ओझार्कचे डोंगर म्हणजे सह्याद्रीचे कडे नव्हेत. ते फार जुने, झिजलेले, पाठीचा कणा मोडलेल्या वृद्धासारखे ठेंगणे झालेले आहेत. ओक आणि हिकरी या वृक्षांनीं ते आपादमस्तक झांकलेले असतात. खडक चुनखडीच्या जातीचा; पाण्यानें तो आंतून पोखरून टाकला आहे, म्हणून जागोजाग गुहा आणि झरे. व्हॅन ब्यूरन गांवाजवळ ‘बिग स्प्रिंग’ म्हणजे ‘थोरला झरा’ आहे, त्यांतून दररोज सरासरी २८ कोटि गॅलनांहून अधिक पाणी बाहेर पडतें. निळसर हिरवें तें पाणी खडकाच्या पोटांतून उसळून येतांना पाहिलें, म्हणजे गोमुखाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. हें पाणी ज्या करंट नदीस मिळतें ती नदी आणि तिची सखी जॅक्स फोर्क, या दोहींचे कांठ १९६४ च्या कायद्यानें राखून ठेवलेले आहेत. एप्रिल महिन्यांत वृक्षांस पालवी फुटण्यापूर्वींच रेडबड नांवाच्या झाडावर गुलाबी जांभळीं फुलें येतात आणि डॉगवुडच्या फांद्या पांढऱ्या फुलांनीं भरून जातात. याच दिवसांत, सूर्योदयाच्या घटकाभर आधीं, दरींतून एक विलक्षण आवाज उठतो. कोणी घशांत पाणी धरून मोठ्यानें हसावें तसा तो असतो. तो रानटी टर्कीच्या नराचा.

त्या महिन्यांत गांवांत दुसरा विषय नसतो. न्हाव्याच्या दुकानांत, देवळाच्या दारांत, पेट्रोलच्या पंपावर, जेथें दोन माणसें उभीं तेथें टर्की. आणि टर्कीच्या मागून बंदूक. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांत आडकित्त्याहून उग्र शस्त्र नसावें, आणि आमच्याही नाहीं. तेव्हां वाचकांस बंदुकीची माहिती देऊन काय साधणार, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें, कीं बेताची प्राप्ति असलेल्या मनुष्यानें एखादें साधन निवडतांना खर्च कोठें करावा आणि कोठें आंखडावा, हा प्रश्न सर्व देशांत एकच आहे. त्याचें एक चांगलें उत्तर आम्हांस या रानांत पाहावयास मिळालें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पक्ष्याचा परिचय करून देणें योग्य होईल. टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोंतील लोकांनीं तो फार पूर्वीं माणसाळविला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. तेथें त्याच्या नांवाचा जो घोटाळा झाला तो भाषेच्या अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्तानचा ठरवून ‘टर्की’ म्हटलें. फ्रेंचांनीं हिंदुस्थानचा मानून ‘दँद’ म्हटलें. प्रत्यक्ष तुर्क लोक त्यास ‘हिंदी’ म्हणतात. डच लोकांनीं आपल्या कालिकतचें नांव त्यास चिकटवून ‘काल्कून’ केलें. आणि पोर्तुगीज त्यास ‘पेरू’ म्हणतात. ज्याचा जन्म ज्या देशीं, त्या देशाचें नांव मात्र कोणीं दिलें नाहीं! आपल्या भूमीशींही त्याचा जुना संबंध आहे. १६१२ च्या सुमारास जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून मुकर्रबखान गोव्यास गेला होता. त्यानें तेथून ज्या अपूर्व वस्तु आणल्या त्यांत हा पक्षी होता. बादशहानें उस्ताद मन्सूर याजकडून त्याचें चित्र काढविलें. तें आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे.

पाळीव टर्की मंद असतो. रानटी टर्कीची गोष्ट वेगळी. नर अठरा-वीस पौंड भरतो, तरी संकट दिसतांच वाऱ्यासारखा पळतो आणि रात्रीं उंच झाडावर चढून बसतो. डोक्यावर पिसें नसतात. तेथील कातडीचा रंग मनोविकाराप्रमाणें तांबडा, पांढरा वा निळा होतो. छातीवर घोड्याच्या केंसांसारखी दाढी लोंबते. घ्राणशक्ति बेताची, परंतु दृष्टि इतकी तीव्र, कीं चाळीस पावलांवर मनुष्यानें बोट हलविलें तरी त्यास कळतें. पतंग उडवून विजेची परीक्षा करणारे बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८४ मध्यें आपल्या कन्येस लिहिलेल्या पत्रांत, गरुडापेक्षां हा पक्षी अधिक प्रतिष्ठित, असा अभिप्राय दिला होता.

अशा या पक्ष्याचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जवळजवळ निर्वंश होण्याची वेळ आली होती. रानें तुटलीं, बाजारासाठीं बेसुमार हत्या झाली, आणि साऱ्या देशांत सुमारें दोन लाख पक्षी उरले. मिसूरींत तर १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत अडीच हजारांच्या आंतच राहिले होते. पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी रानांत सोडून पाहण्यांत आले. त्यांस ना अन्न शोधतां येई, ना शत्रु ओळखतां येई. अखेर १९५४ पासून ओझार्कमधील पेक रँच या राखीव रानांतले अस्सल रानटी पक्षी जाळ्यांत धरून, जेथें ते नामशेष झाले होते तेथें नेऊन सोडण्याचा क्रम सुरू झाला. तो फळास आला. १९६० च्या वसंतांत चौदा तालुक्यांत तीन दिवसांची शिकार मोकळी झाली, तेव्हां एकंदर ९४ पक्षी मिळाले. हल्लीं त्याच संस्थानांत एका वसंतऋतूंत तीस हजारांहून अधिक मिळतात, आणि देशांतील एकूण संख्या साठ लाखांच्या घरांत आहे.

यास द्रव्य कोठून आलें? १९३७ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीनें जो कायदा झाला त्यान्वयें लांब नळीच्या प्रत्येक बंदुकीवर व काडतुसांवर शेंकडा अकरा कर बसतो, आणि ती रक्कम वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठीं संस्थानांस वांटून दिली जाते. शिवाय मिसूरीच्या मतदारांनीं १९७६ मध्यें विक्रीच्या दर डॉलरमागें सेंटाचा आठवा हिस्सा याच कार्यासाठीं स्वतःवर लावून घेतला. म्हणजे जो पक्षी मारतो तोच त्याच्या वंशाचा खर्चही सोसतो, आणि न मारणाराही आपला वांटा देतो. आमच्या विचारास या व्यवस्थेनें प्रथम मोठा धक्का दिला हें सांगितलें पाहिजे.

आतां बंदुकीकडे वळूं. आमच्या जावयांच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. लांकूड कापण्याच्या गिरणींत सारा जन्म घालवून ते निवृत्त झाले आहेत. आम्ही मास्तर, हें कळल्यापासून ते आम्हांस ‘टीचर’ म्हणूनच हांक मारीत. त्यांचा बारा वर्षांचा नातू त्यांच्याजवळ असतो. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीं मिसूरींत मुख्य मोसमापूर्वीं एक शनिवार-रविवार राखून ठेवलेला असतो. त्या दिवशीं वडील माणसानें मुलास बरोबर न्यावें, शिकवावें, असा हेतु. आजोबांची इच्छा ही, कीं या वर्षीं नातवानें जावें. अडचण एवढीच, कीं घरांतील जुनी बारा बोअरची बंदूक मुलास लांब होई. एकदां त्यानें ती उडविली, तेव्हां खांदा काळानिळा झाला आणि तेव्हांपासून चाप ओढतांना तो डोळे मिटूं लागला. नवीन बंदुकीसाठीं आजोबांनीं तीनशें डॉलर बाजूस काढले होते. त्याहून एक अधिक काढण्याची त्यांची ऐपत नव्हती. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर मात्र हजार-हजार डॉलरांच्या रानरंगी बंदुका टांगलेल्या होत्या. नातू त्यांकडे पाही, आणि आजोबा दुसरीकडे पाहत.

आजोबांबरोबर आम्ही तीन-चार दुकानें हिंडलों. जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों.

टर्कीसाठीं गोळीची नव्हे, तर छऱ्यांची बंदूक वापरतात. तिच्या नळीचें माप ‘बोअर’ या शब्दानें सांगतात. त्याचा हिशेब आमच्या शाळेंतील अपूर्णांकासारखा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांपैकीं एकीचा जो व्यास तोच बारा बोअरच्या नळीचा. वीस केल्या तर वीस बोअरचा. म्हणून आंकडा जितका मोठा तितकी नळी लहान. बारा बोअरची नळी ०.७२९ इंच, वीस बोअरची ०.६१५. ‘४१०’ म्हणून जी लहान बंदूक आहे तिला मात्र हा हिशेब लागू नाहीं. तिची नळीच ०.४१० इंच रुंद असते.

नळीच्या तोंडाशीं किंचित् अरुंद केलेला भाग असतो, त्यास ‘चोक’ म्हणतात. बागेस पाणी घालतांना नळाच्या तोंडावर आंगठा दाबला म्हणजे धार एकवटते आणि लांब जाते, तसाच हा प्रकार समजावा. लांब अंतरासाठीं घट्ट चोक, जवळच्यासाठीं सैल. टर्कीच्या अंगावर पिसांचें आणि छातीच्या मांसाचें इतकें जाड कवच असतें, कीं तेथें छरे मारणें म्हणजे पक्ष्यास जायबंदी करून सोडणें होय. नेम डोक्यावर व मानेवरच धरावा लागतो, म्हणून छरे एकवट पडणें अवश्य. आणि म्हणून या शिकारींत बंदुकीच्या नक्षीपेक्षां चोकाला महत्त्व. पुष्कळ बंदुकींचे चोक स्क्रूसारखे फिरवून बदलतां येतात. वीस-तीस डॉलरांत वेगळा चोक मिळतो. मात्र त्याचे आटे त्याच बंदुकीस जुळणारे आहेत ना, हें पाहून घ्यावें लागतें.

तिसरी गोष्ट छऱ्यांची. शिशाचा सहा नंबरचा छरा एका औंसांत सुमारें सव्वादोनशें बसतो. चार नंबरचा मोठा असल्यानें एकशेंपस्तीसच. चार नंबराहून मोठा छरा वापरण्यास मिसूरींत बंदी आहे. अलीकडे टंगस्टन धातूचे छरे निघाले आहेत. तो धातु शिशाच्या दीडपटीहून जड, त्यामुळें मोहरीसारखा बारीक छराही खोल जातो, आणि लहानशा ‘४१०’ बंदुकीनेंही टर्की मारतां येतो. परंतु एकेका काडतुसास दहा डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात.

इतकें समजल्यावर आजोबांपुढें तीन मार्ग होते. पहिला, नवी स्वस्त बारा बोअरची पंपाची बंदूक. पंपाची म्हणजे पुढील मूठ मागेंपुढें सरकवून काडतूस भरण्याची. मॉसबर्ग कंपनीची ‘मॅव्हरिक ८८’ या जातीची बंदूक अडीचशें डॉलरांच्या आसपास मिळते. ती टेक्सासमधील ईगल पास येथें जोडतात. प्रौढ माणसास याहून किफायतशीर सौदा क्वचितच मिळेल, असें दुकानदारही म्हणाला. परंतु जो मुलगा आधींच धक्क्यास भ्याला आहे त्याच्या हातीं पुन्हां तोच धक्का देण्यांत अर्थ नव्हता.

दुसरा मार्ग, एकनळी ‘४१०’. किंमत दोनशेंच्या आंतबाहेर, वजनास हलकी, धक्का थोडा. आम्हांस हीच बरी वाटली. पण आजोबांनीं बोटें मोडून हिशेब केला. बंदूक आज एकदां घेतली जाईल. काडतुसें दर वर्षीं लागतील. दहा डॉलरांचें काडतूस सरावासाठीं कोण उडवील? आणि सरावावांचून मुलाचे मिटलेले डोळे उघडावे कसे? स्वस्त बंदूक आणि महाग काडतूस हा गरिबास फसविणारा सौदा, असें त्यांचें म्हणणें पडलें. एकनळी बंदुकीविषयीं दुसरीही एक सूचना त्यांनीं केली. ज्या जोरानें छरे पुढें जातात त्याच जोरानें बंदूक मागें येते, आणि ती जितकी हलकी तितकी जोरानें येते. तेव्हां बारा किंवा वीस बोअरची हलकी एकनळी घेऊन तींत भारी काडतूस घातलें, तर दुकानांत वांचविलेले पैसे खांद्यास द्यावे लागतात.

तिसरा मार्ग, वापरलेली वीस बोअरची पंपाची बंदूक. एका दुकानाच्या मागल्या कोपऱ्यांत अशी एक मिळाली. रंग उडालेला, लांकडी दस्त्यावर ओरखडे. पण दस्ता मुलांच्या मापाचा आंखूड होता. आजोबांनीं प्रथम ती रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, मग नळी उजेडाकडे धरून आंत खळगा वा गंज आहे का पाहिलें, पंप दहा वेळां सरकविला, चोक फिरवून काढला व पुन्हां बसविला, आणि मुलाच्या खांद्यास लावून त्याचा गाल दस्त्यावर नीट टेकतो का तें तपासलें. एखाद्या गृहिणीनें तांदूळ मुठींत घेऊन पारखावे तशी ती पारख होती. किंमत १८५ डॉलर ठरली. घट्ट चोकास ३०, सहा नंबरच्या शिशाच्या काडतुसांच्या दोन पेट्यांस ३६, सरावाच्या हलक्या काडतुसांच्या पेटीस ११. मिळून २६२ डॉलर, वर विक्रीकर. उरल्या पैशांत दोघांच्या कानांस लावावयाचीं आवाजरोधक टोपणें आलीं. दुर्बीण नाहीं, रानरंग नाहीं. चकाकणाऱ्या भागांवर मातकट रंगाची चिकटपट्टी गुंडाळली, तेवढेंच.

बंदूक घेण्याचा विधि आम्हीं लक्षपूर्वक पाहिला. परवाना लागत नाहीं. गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवून एक छापील तक्ता भरून देतो, दुकानदार मध्यवर्ती सरकारच्या दप्तरीं चौकशी करतो, आणि हरकत नसेल तर घटकाभरांत बंदूक हातीं येते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं, आणि १९७२ च्या कायद्यानें वन्य प्राण्यांची शिकार सामान्यतः बंदच आहे. त्यामुळें हा सुलभपणा पाहून आमच्या छातींत धस्स झालें. त्या देशांतील शाळांतून बंदुकीनें जे अनर्थ घडले आहेत ते आठवून आम्हीं आजोबांस स्पष्ट विचारलें. त्यांनीं मान खालीं घातली आणि आपली बंदूक व काडतुसें निरनिराळ्या कुलपांत असतात, एवढेंच सांगितलें. हें उत्तर साऱ्या देशासाठीं पुरेसें नाहीं. पण त्या घरापुरतें तें खरें होतें.

यापुढील भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला. एका मित्राच्या कुरणांत आजोबांनीं मोठाले कागद लांकडी चौकटीवर ताणून बसविले. प्रत्येकावर टर्कीचें डोकें रेखाटलें आणि भोंवतीं दहा इंच व्यासाचें वर्तुळ काढलें. प्रथम मुलानें हलकीं काडतुसें उडविलीं. चार-पांच बारांनंतर त्यास कळून आलें, कीं ही बंदूक मारीत नाहीं. त्याचे डोळे उघडे राहूं लागले. मग शिकारीचें खरें काडतूस घालून वीस, तीस व चाळीस वारांवरून एकेक बार काढला. छिद्रें मोजण्याचें काम, मास्तर म्हणून, आमच्याकडे आलें. वीस वारांवर वर्तुळांत १७१, तीसवर १०४, चाळीसवर केवळ ४७. त्या बाजूच्या शिकाऱ्यांत असा परिपाठ आहे, कीं दहा इंचांच्या वर्तुळांत शंभर छरे पडले तरच तें अंतर विश्वासाचें समजावें. दुसरी एक गोष्ट उघड झाली: छऱ्यांचा घोस डोक्याच्या किंचित् वर पडत होता. मुलगा नेम धरतांना गाल उचलीत असे, हें त्याचें कारण. दस्त्यावर मऊ पट्टीचे दोन थर चिकटविले, आणि दोष गेला.

आजोबांनीं त्या तीन कागदांतला तीस वारांचा कागद घडी करून मुलाच्या खिशांत घातला. त्यांचें म्हणणें असें, कीं दुकानांतील हजार डॉलरांची बंदूक पन्नास वारांवर काय करते तें आपणांस नको. आपली बंदूक तीस वारांची आहे, आणि तीस वारांच्या आंत ती कोणाहूनही कमी नाहीं. पक्षी तीस वारांच्या आंत आणण्याचें काम बंदुकीचें नव्हे, शिकाऱ्याचें. त्यास पैसा लागत नाहीं. पाटीच्या तुकड्यावर काडी घांसून मादीचा आवाज काढण्याची कला, आणि न हलतां बसण्याची शक्ति लागते.

रानांतील नियमही त्यांनीं मुलाकडून पाठ म्हणवून घेतले. टर्कीच्या डोक्याचे रंग तांबडा, पांढरा, निळा. म्हणून त्या रंगाचा रुमालसुद्धां अंगावर नको, नाहीं तर दुसरा शिकारी फसेल. आवाजावर कधीं बार टाकूं नये. पक्षी पुरा दिसला, त्याची दाढी दिसली, पलीकडे कोणी नाहीं हें पाहिलें, तरच बोट चापावर. बसावें तें आपल्या खांद्यांहून रुंद अशा झाडास टेकून. दुसरा मनुष्य येतांना दिसला तर हात हलवूं नये, कारण हालचाल ही पक्ष्याची वाटते, मोठ्यानें बोलावें. दाणे टाकून पक्ष्यास भुलविणें किंवा यंत्रानें आवाज काढणें कायद्यानें वर्ज्य आहे.

तो शनिवार उजाडला. आम्ही रानांत गेलों नाहीं. दुपारीं ओसरीवर बसून दोघांच्या तोंडून हकीकत ऐकली. पहांटे नर झाडावरून उतरला, आवाजास उत्तर देत देत आला, आणि चाळीस-पंचेचाळीस वारांवर पिसारा पसरून उभा राहिला. पाव तास तो तेथेंच फिरत होता. मुलाची बंदूक गुडघ्यावर रोखलेली, मान स्वच्छ दिसत होती. पण तो तीस वारांच्या आंत आला नाहीं. मुलानें चाप ओढला नाहीं. पक्षी निघून गेला. हें सांगतांना मुलाचे डोळे भरून आले होते. आजोबांनीं त्याची समजूत घातली नाहीं. फक्त जेवतांना स्वतःच्या ताटांतील मोठा तुकडा त्याच्या ताटांत वाढला.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रममृगावर रोखलेला बाण दुष्यंत तपस्व्याच्या शब्दासरशीं उतरवितो. मुलांस तो प्रसंग शिकवितांना आम्ही नेहमीं तपस्व्याच्या शब्दाचा महिमा सांगत आलों. पण येथें कोणी तपस्वी आडवा आला नव्हता. बारा वर्षांच्या मुलास थांबविलें तें सत्तेचाळीस छिद्रांच्या आठवणीनें. आपल्या साधनाचें बळ किती, हें ज्यानें स्वतः मोजून पाहिलें आहे त्यास संयम बाहेरून शिकवावा लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, दुसरा एक नर बावीस वारांवर आला. एकच बार झाला, आणि पक्षी जागच्या जागीं निमाला. आजोबांनीं मुलास टोपी काढावयास लावून क्षणभर उभें केलें, मग परवान्याच्या चिठ्ठीवर खूण केली, आणि रात्रीं दहाच्या आंत सरकारी खात्यास कळवावें लागतें तें कळविलें. सायंकाळीं मुलगा मांसाची पुडी घेऊन आमच्या दारीं आला. आमच्या कुटुंबानें हात जोडून ती नाकारली, पण मुलास आंत बोलावून रव्याचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशीं तो शेपटीचें एक पीस घेऊन आला. तांब्याच्या भांड्यास नुकती चिंच लावल्यावर जी झळाळी येते, तशी त्या पिसावर होती. तें आम्हीं घेतलें.

आमचें मत बदललें, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. ज्या प्राण्यानें आपला अपराध केला नाहीं त्यास मारूं नये, हा संस्कार साठीपलीकडे सुटणारा नाहीं, आणि सुटावा असें आम्हांस वाटतही नाहीं. मनूनें राजाच्या व्यसनांत मृगयेस पहिलें स्थान दिलें आहे, तें उगीच नव्हे. पण न्यायानें बोलावयाचें तर हेंही सांगितलें पाहिजे, कीं आम्ही आयुष्यभर कोणताही पक्षी मारला नाहीं आणि कोणताही पक्षी वांचविलाही नाहीं. त्या वृद्धानें दोन्ही केलें. त्याच्या कराच्या पैशानें पेक रँचच्या रानांतील पक्षी शेजारच्या दरींत आले, आणि त्याच्या नातवाच्या संयमानें शनिवारचा तो नर, अंगांत एकही छरा न अडकतां, आपल्या दरींत परत गेला.

त्या मुलुखांत आपलीं मराठी कुटुंबें आतां ठिकठिकाणीं आहेत. इस्पितळांत डॉक्टर, कारखान्यांत इंजिनियर, विद्यापीठांत अध्यापक. त्यांच्या मुलांस वर्गमित्रांकडून केव्हां ना केव्हां रानाचें निमंत्रण येईल. तेव्हां आईबापांनीं नुसतें घाबरून किंवा नुसतें लाजून उत्तर देऊं नये. मिसूरींत शिकाऱ्यांसाठीं सुरक्षिततेचा एक अभ्यासक्रम असतो. १९६७ च्या प्रारंभीं वा त्यानंतर जन्मलेल्या व सोळा वर्षें पुरीं झालेल्या शिकाऱ्यास सामान्यतः तो पुरा करावा लागतो. ज्यास बंदुकीस हात लावावयाचा नाहीं त्यानेंही तो पाहून ठेवावा, असें आम्हीं आमच्या कन्येस व जावईबापूंस सांगून आलों आहों. शेजाऱ्याच्या घरांत काय असतें, तें कोठें ठेवतात आणि कोणत्या नियमानें वापरतात, हें माहीत असलेलें केव्हांही बरें. आणि मित्राच्या ओसरीवर बंदूक दिसली, तर ती भरलेली आहे असेंच समजून चार पावलें दूर उभें राहावें, हा आजोबांचा पहिला नियम आमच्या नातवंडांनीं आतां पाठ केला आहे.